सिस्टर, तुम्हाला पगार मिळतो का?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त परिचारिका धर्मभगिनीची उत्तरं

मागच्या अंकात रुग्णसेवेतल्या कॅथलिक धर्मभगिनींवर मी छोटा लेख लिहिला होता. त्यावर पत्रं आली. काही कौतुकाची, काही जाब विचारणारी. कौतुकाची संपादकांकडेच राहू दिली आहेत. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: शाळा संपल्यावर मी कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे धर्मभगिनींच्या मठात गेले, आमच्या धर्मभगिनींच्या संघाने नर्सिंगला घातलं. आधी मेडिकल वॉर्ड, मग कुष्ठरुग्णांचा विभाग, आणि शेवटची बरीच वर्षं बरं न होणाऱ्या आजारांच्या वॉर्डात. आता ड्यूटी सुटली आहे. वॉर्डातलं कडक बोलणं सुटलेलं नाही, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : तुम्हाला पगार मिळतो का? मिळत असेल तर ती सेवा कशी, आणि मिळत नसेल तर तुमचं भागतं कसं? (एक वाचक, बँकेतून निवृत्त)

प्रश्न बँकेतल्या माणसाला शोभणारा आहे. बाहेरच्या रुग्णालयात नोकरी असली तर पगार इतर नर्सेसइतकाच असतो. पण तो माझा नसतो. चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की व्रतस्थ व्यक्ती, म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेतलेली व्यक्ती, स्वतःच्या कष्टाने जे मिळवते ते तिच्या संघाचं. पेन्शन आणि विम्याचे पैसेसुद्धा, संघाच्या स्वतःच्या नियमात वेगळं काही म्हटलं नसेल तर, संघाकडेच जातात. त्या बदल्यात संघ आमचे कपडे, औषधपाणी, शिक्षण आणि म्हातारपण बघतो. चप्पल तुटली तर सुपीरियरकडे, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरकडे, जाऊन सांगायचं. पन्नाशी उलटलेल्या, अख्खा वॉर्ड चालवणाऱ्या बाईने चपलेसाठी दुसरीच्या दारात उभं राहायचं, हे जड जातं. पुढे अंगवळणी पडतं असं म्हणतात. माझ्या पडलं नाही, चप्पल मात्र दर वेळी मिळाली.

आता जरा खरं बोलते. घरभाडं, मुलांची फी आणि म्हातारपणी कोण बघणार, या तीन काळज्या मला आयुष्यात कधी नव्हत्या. माझ्यासोबत रात्रपाळी करणाऱ्या आयाबाईला तिन्ही होत्या. तिच्यासमोर कुणी माझ्या गरिबीच्या व्रताचं कौतुक केलं की मला मान वर करवत नसे. व्रताचा उपयोग मला एका ठिकाणी नक्की झाला. बिलाच्या चिंतेने काळवंडलेला नातेवाईक खाटेशी उभा असताना, मी जे करते आहे त्याचा त्याच्या पैशाशी संबंध नाही, हे मला त्याला सांगावं लागायचं नाही. त्याला माझ्या उपकाराखालीही ठेवायचं नव्हतं. माझं जे आहे ते आधीच देऊन झालेलं होतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. संघ सोडून जाणाऱ्या बहिणीला इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल काही मागता येत नाही, असं त्याच संहितेत आहे. संघाने तिच्याशी न्यायाने आणि ममतेने वागावं असंही लगेच पुढे आहे. ममतेची रक्कम किती, ते कुठे लिहिलेलं नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली अडचण मी काय समजावणार!

प्रश्न : मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते कॉन्व्हेंटमध्ये जाणार. आम्ही कॅथलिकच आहोत, पण एकुलती एक मुलगी. तुम्ही तिला समजवा. (एक आई)

ताई, तिला समजवायला मी चुकीची व्यक्ती आहे. तुम्हाला मात्र थोडं सांगू शकते.

तुम्हाला वाटतंय ती एक दिवस दार लावून घेईल आणि संपलं. तसं होत नाही. आधी काही काळ नुसतं राहून बघायचं असतं. मग नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिकण्याचा काळ, सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही आणि किमान १२ महिने. त्यानंतरची व्रतं मुदतीची असतात, किमान ३ वर्षांची, साधारण ६ वर्षांपर्यंत, आणि गरज पडली तर ती मुदत एकूण ९ वर्षांपर्यंत लांबते. कायमची व्रतं त्यानंतर. मुदत संपली की ती बॅग उचलून घरी येऊ शकते, कुणाची परवानगी लागत नाही. योग्य कारण असेल तर संघही तिला ‘पुढे नको’ म्हणू शकतो. लग्नाच्या आधी इतका विचार करायला किती मुलींना वेळ मिळतो?

कोर्स पुरा करून, परिचारिका म्हणून नोंदणी करूनच जाऊ दे, हा हट्ट मात्र जरूर धरा. नॉव्हिशिएटच्या वर्षात पदवीचा अभ्यास करता येत नाही, अर्धवट राहिलेलं अर्धवटच राहतं. आणि तिला एक प्रश्न विचारा. उद्या संघाने वॉर्डातून काढून हिशेबाच्या टेबलाशी बसवलं तर? लोकांना वाटतं, लग्न न करण्याचं व्रत सर्वांत अवघड. माझ्या मते अवघड आहे ते आज्ञापालन. कुष्ठरुग्णांच्या विभागात बोटांच्या व्यायामाचा वर्ग मी कुठे नीट बसवला होता, रुग्ण स्वतःहून यायला लागले होते, आणि बदलीचं पत्र आलं. मी गेले. आवडीने गेले असं मात्र म्हणणार नाही. या प्रश्नावर तुमची मुलगी लगेच गोड उत्तर देईल तर तिला अजून वर्षभर थांबवा. गप्प बसली तर काळजी करू नका, ती विचार करते आहे.

प्रश्न : रुग्ण असहाय असतो. अशा वेळी प्रार्थना, क्रॉस, गोड बोलणं. प्रामाणिकपणे सांगा, हा धर्मप्रसार नाही का? (एक वाचक)

तुमचं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. खाटेवरचा माणूस मला ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याचं पाणी, त्याचं बेडपॅन, त्याची वेदना थांबवणारं इंजेक्शन माझ्या हातात असतं. अशा माणसाने कशालाही ‘हो’ म्हटलं तर त्याला काय किंमत? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला त्यात हेच आहे. श्रद्धा सांगताना जबरदस्तीचा किंवा न शोभणाऱ्या गळ घालण्याचा संशयही येता कामा नये, विशेषतः समोर गरीब आणि न शिकलेली माणसं असताना. आजारी माणूस कितीही शिकलेला असला तरी मी त्याला त्यांच्यातच धरते. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९८१च्या लिस्बन जाहीरनाम्यात तर रुग्णाला धार्मिक आधार मागण्याचा हक्क दिला आहे, तसाच तो नाकारण्याचाही.

वॉर्डात याचं काय होतं ते बघा. धर्म विचारायचा तो कुणाला बोलवायचं आणि गेल्यावर देहाचं कुणी करायचं, एवढ्यापुरता. प्रार्थना मनात. मोठ्याने फक्त त्याने सांगितली तर, आणि तेव्हाही आधी विचारायचं, ‘तुमची की माझी?’ चष्मा हरवलेल्या एका आजोबांनी माझ्याकडून त्यांच्या पोथीतला अध्याय रोज वाचून घेतला. माझे उच्चार सुधारायचे, मग डोळे मिटायचे.

तरी सगळं गोमटं नाही. खाटेशेजारच्या टेबलावर न मागता पत्रकं ठेवणाऱ्या एका बाईंना मी वॉर्डाबाहेर काढलं होतं, आणि त्या आमच्याच धर्मातल्या होत्या. आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. अगदी आणीबाणीत कुणीही, अगदी नर्ससुद्धा, पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, आणि बाळ मरणाच्या दारात असेल तर आईबापाच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्माही चर्चचा कायदा वैध मानतो. मी ते केलेलं नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलींना करू दिलेलं नाही. देवाला त्या बाळापर्यंत पोचायला आईला फसवावं लागत असेल, यावर माझा विश्वास नाही. आईने स्वतः म्हटलं तेव्हा मात्र दिला आहे, लगेच, हात धुऊन.

प्रश्न : आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मी घरून काम करतो, त्यामुळे तिचं सगळं मीच करतो. कपडे बदलताना प्रत्येक वेळी ती ‘माफ कर रे’ म्हणते. मला राग येतो आणि रात्री रडू येतं. माकडहाडावर लालसर डाग दिसतो आहे, तो काय असेल? (एक मुलगा, वय ५२)

आधी डाग. रडण्याकडे मग येऊ.

डागावर बोट दाबून सोडा. पांढरट होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअरला (पडून राहून होणाऱ्या जखमेला) सुरुवात झाली, आजच डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून तिथे गरम किंवा कडक लागतं का तेही हाताने बघा. त्या जागी चोळायचं नाही. पूर्वी आम्हीसुद्धा बॅक केअर म्हणजे चोळणं असं शिकलो होतो, आता तसं शिकवत नाहीत, कारण आतली दुखावलेली पेशी आणखी दुखावते. मधे भोक असलेली गोल उशी कुणी आणून दिली असेल तर परत करा, तिच्या कडेने रक्तपुरवठा आवळला जातो.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून तिरकी, साधारण ३० अंश. पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा गादीला टेकू देऊ नका. भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास बसती ठेवा. एरवी डोक्याची बाजू फार उंच ठेवलीत तर ती खाली घसरत राहते आणि त्या घसरण्याने माकडहाडावरची कातडी ओढली जाते. वर सरकवायची असेल तर घासत नेऊ नका, कमरेखाली एक चादर आडवी घालून ठेवा आणि ती दोन्हीकडून धरून दोघांनी उचला. आणि उजवा हात धरून तिला कधी ओढू नका. लुळा खांदा सांध्यातून सरकतो, मग आयुष्यभर दुखतो.

आता माफी. ती म्हणते ‘माफ कर’, तुम्ही काय म्हणता? माझी खात्री आहे, तुम्ही म्हणता, ‘असं काय गं, माझं लहानपणी तूच केलंस ना.’ सगळे हेच म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण त्यामुळे तिच्या डोक्यातला हिशेब पक्का होतो. तिला वाटतंय आपल्यावर रोज कर्ज चढतंय आणि फेडायची सोय नाही. तुम्ही तिला जुनी वही काढून दाखवता, एवढंच.

त्याऐवजी तिला काम द्या. डावा हात चालतो ना? ओला रुमाल पिळून तिच्या डाव्या हातात द्या, तोंड तिने पुसायचं. अंगावर चादर ठेवूनच स्पंज द्या, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, पुसून कोरडा करून झाका, मग पुढचा. मांड्यांमधला भाग जमेल तोवर तिलाच करू द्या. तुम्ही चादर धरा आणि भिंतीकडे बघा. वेळ लागेल, गादी ओली होईल, तुमची मीटिंग चुकेल. लागू दे. जिथे तिचा हात पोचत नाही तिथेच तुमचा. सुरू करायच्या आधी विचारा, ‘करू का?’ आणि उत्तराची वाट बघा. ‘आत्ता नको’ म्हणाली आणि ओलं नसेल तर खरंच दहा मिनिटांनी या. ज्या माणसाचं ‘नको’ कुणी ऐकतं त्याला माफी मागायची गरज कमी वाटते, हे मी खाटेमागून खाट बघितलं आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची अशीच एक बाजू गेली होती. मी त्यांना वॉर्डातल्या पट्ट्या गुंडाळायला द्यायचे. टोक मांडीखाली दाबून त्या एका हाताने माझ्यापेक्षा घट्ट गुंडाळायच्या, आणि मी गुंडाळलेली सैल पट्टी परत पाठवायच्या. बेडपॅन मागताना त्यांचा आवाज वेगळा यायला लागला. हुकमाचा.

रागाबद्दल. तो बहुतेक वेळा झोपेचा प्रश्न असतो. आम्ही पाळी संपली की चार्ज देऊन खोलीवर जात असू. तुमच्याकडून चार्ज घ्यायला कुणी नाही. आठवड्यातल्या निदान दोन दुपारी दुसरं कुणी तरी बघा, भाऊ, मावशी, पैसे देऊन ठेवलेली बाई, कुणीही. आणि त्या माणसाला तोंडी नव्हे, लिहून चार्ज द्या. शेवटची कूस किती वाजता बदलली, काय खाल्लं, लघवी कधी झाली, डाग कसा आहे. लिहून दिलं की घराबाहेर पडल्यावर सारखा फोन करावासा वाटत नाही. बायको नोकरीवरून आल्यावर आईचं सगळं तिच्या गळ्यात टाकून मोकळं होणं याला मी मदत मिळाली असं म्हणत नाही, तसं होत असेल तर.

प्रश्न : तुमच्या धर्मात दुःख सोसणं पवित्र मानतात. मग वेदनाशामकं देताना तुमचा हात आखडता असतो का? काकांना कॅन्सर आहे आणि घरचे मॉर्फिनला घाबरतात.

दुःख अर्पण करायचं असेल तर स्वतःचं करावं. दुसऱ्याचं अर्पण करायला निघालेली सिस्टर दिसली की मी तिच्याकडून औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घ्यायचे. आणि हे माझं एकटीचं बंड नाही. पोप पायस बारावे यांनी फेब्रुवारी १९५७ मध्येच सांगितलं होतं की दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवणारी औषधं द्यावीत, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, फक्त ते कमी करणं हा हेतू नसावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना त्यांनी हेही स्पष्ट केलं की जीव टिकवण्यासाठी असाधारण उपायांची सक्ती कुणावर नाही.

मरणाऱ्या माणसांसाठी वेगळी जागा हवी, हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांत आयर्लंडच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी आहेत. डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉसला १८७९ मध्ये आणि लंडनच्या हॅकनीला १९०५ मध्ये त्यांनी हॉस्पिस काढली. हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये १९५८ पासून सिसिली सॉन्डर्स नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. त्या आधी नर्स होत्या, नंतर समाजसेविका, आणि मग डॉक्टर झालेल्या. तिथे सिस्टर्सच्या सोबतीने त्यांनी मॉर्फिन घड्याळानुसार द्यायची पद्धत बसवली. वेदना परत येईपर्यंत थांबायचं नाही. पुढे १९६७ मध्ये त्यांनी स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली तीही तीच, शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून. मला यातली आवडणारी गोष्ट औषधशास्त्रातली नाही. ‘दुखलं की सांगा’ म्हटलं की रुग्णाला प्रत्येक डोससाठी नर्सकडे पदर पसरावा लागतो. वेळेवर आपणहून दिलं की तो मागणारा राहत नाही.

काकांसाठी: डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. मात्र ते एकदम बंद करायचं नाही, शरीराला सवय झालेली असते. गुंगी आणि मळमळ सुरुवातीला येते, बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही. पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध लिहून घ्या, डॉक्टर विसरले तर आठवण करा. मॉर्फिन नको म्हणणारे अनेक रुग्ण खरं तर पोट साफ होत नाही म्हणून नको म्हणत असतात, आणि ते सांगायला लाजतात. वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. मधेच कळ आली तर किती जादा द्यायचं हेही लिहून घ्या. उठवून उठत नाहीत, श्वास फार संथ झाला, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा. आणि बाटली कुलपात.

प्रश्न : कुष्ठरुग्णांना हात लावताना भीती वाटली नाही?

सुरुवातीला वाटली, माहिती कळल्यावर गेली. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला अटकाव करण्याची ताकद मुळातच असते. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. आजार किती पसरला आहे त्यावरून ६ महिने किंवा १२ महिने घ्यायचा, आणि तो सुरू झाला की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते.

धीट म्हणायचं तर मदर मेरीॲन कोप यांना म्हणा. पन्नासहून अधिक संघांनी नकार दिल्यावर त्या १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून सहा सिस्टर्स घेऊन हवाईला गेल्या, १८८८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या कालाउपापाच्या वसाहतीत. तेव्हा गुणकारी असं एकही औषध नव्हतं. तुमच्यातल्या कुणालाही हा आजार होणार नाही, असं त्यांनी आपल्या सिस्टर्सना सांगितलं होतं, आणि कुणालाही झाला नाही. हात धुण्याच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. त्यांची मला आवडणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. वसाहतीतल्या मुलींना त्या चांगले, रंगीत कपडे मिळवून देत. कुणाच्या तरी दयेवर जगणाऱ्याने मळकंच घालावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

आमच्या विभागातलं खरं काम पायांचं होतं. जंतू मेले तरी बधिर झालेला पाय बधिरच राहतो. खिळा टोचला, चटका बसला, कळत नाही, आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. म्हणून रोज आरशात तळवे बघायचे, पाय पाण्यात भिजवायचे, कडक कातडी खरवडायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, आणि आत मऊ रबराचा थर असलेली एमसीआर चप्पल घालायची. हे सगळं रुग्णाने स्वतः करायचं. मी करून दिलं असतं तर माझ्या सुट्टीच्या दिवशी जखमा झाल्या असत्या.

प्रश्न : धर्मभगिनी नर्स असतात, पण डॉक्टर कमी दिसतात. असं का?

आता बऱ्याच आहेत. पूर्वी नव्हत्या, कारण चर्चची आडकाठी होती. धर्मगुरूंना खास परवानगीशिवाय वैद्यकी करायला पूर्वीपासूनच मनाई होती, चर्चच्या १९१७च्या संहितेने ती कायम ठेवली, आणि ती व्रतस्थ स्त्रियांनाही लागू होती. बाळंतपणाचं काम तर त्यांच्या व्रताला शोभत नाही, अशीच समजूत. इकडे पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला तयार नव्हत्या आणि बाळंतपणात मरत होत्या. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी हे पाहिलं. वयाच्या साठीनंतर कॅथलिक झालेल्या या बाईंनी रावळपिंडीला स्त्रियांचं रुग्णालय उभं करायला मदत केली आणि धर्मभगिनींना डॉक्टर होऊ द्या म्हणून रोमला पुन्हा पुन्हा विनवलं. १९१३ मध्ये त्या वारल्या तेव्हा नियम तिथेच होता.

त्यांच्याबद्दल वाचून दोघीजणी निघाल्या. मेरी ग्लोरी, मेलबर्नच्या डॉक्टर. १९२० मध्ये त्या गुंटूरला आल्या, तिथल्या संघात दाखल झाल्या, आणि पोपच्या खास परवानगीने व्रतस्थ राहून वैद्यकी केली. १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना त्यांनीच सुरू केली. दुसऱ्या ॲना डेंगल, ऑस्ट्रियाच्या. आयर्लंडमधल्या कॉर्कला वैद्यकी शिकून त्या १९२० मध्ये रावळपिंडीला पोचल्या, आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टनला त्यांनी मेडिकल मिशन सिस्टर्सचा पाया घातला. पण व्रतं जाहीरपणे घेता येत नव्हती, कारण घेतली असती तर वैद्यकी सोडावी लागली असती. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने नियम बदलला आणि बाळंतपणासह सगळं वैद्यकीय काम धर्मभगिनींना मोकळं केलं. मॅक्लॅरनबाई जाऊन तेवीस वर्षं झाली होती. या मधल्या वर्षांत गेलेल्या बायकांबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रश्न : रात्रपाळी करून प्रार्थनेच्या वेळा कशा पाळता? (एक नर्स)

पाळल्या जातातच असं नाही. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पेंगत ऐकलेली आहे, आणि जपमाळ अर्ध्यावर असताना घंटी वाजली तर माळ खिशात. सतराव्या शतकात हेच गाऱ्हाणं संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्यापुढे आलं होतं. लुईज द मारियाक यांच्याबरोबर त्यांनी १६३३ मध्ये पॅरिसला डॉटर्स ऑफ चॅरिटी हा संघ काढला. या बहिणी मठाच्या भिंतीआड न राहता गल्लीबोळांतून आजाऱ्यांच्या घरी जायच्या. व्हिन्सेंट त्यांना सांगत, प्रार्थनेत असताना गरिबाने हाक मारली तर खुशाल उठा, देवासाठीच देवाला सोडून जाताय. नव्या मुलींना हे मी पहिल्या वर्षी सांगत नसे. प्रार्थना चुकवायला ते फार सोयीचं पडतं.